द जनरल (१९२६): पहिल्यांदाच अख्खा मूकपट बघितला, शेजारी रिटायर्ड फायरमन

मूकपट म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर तेच येतंय, भराभर पळणारी माणसं, ढकलाढकली, कुणाच्या तरी तोंडावर केक. मी पण आजवर तुकड्या तुकड्यातच बघितलेलं, कुणीतरी व्हॉट्सअॅपवर पाठवलेलं अर्ध्या मिनिटाचं काहीतरी. सुरुवातीच्या नावांपासून शेवटपर्यंत एका बैठकीत बघितलेला हा पहिलाच. आणि आधीच सांगून टाकते, पाचपैकी पाच. बेळगाव, खानापूर, लोंढा, घटप्रभा, आपल्या ह्या पट्ट्यात ज्यांच्या घरात रेल्वेत नोकरी केलेलं माणूस आहे त्यांनी तर हा सिनेमा त्या माणसाच्या शेजारी बसूनच बघा, एकटं मोबाईलवर बघू नका.

सिनेमाचं नाव 'द जनरल', बस्टर कीटन ह्या अमेरिकन विनोदी नटाचा, ह्यात हिरो पण तोच. जनरल म्हणजे सैन्यातला कोणी साहेब नव्हे, ते एका वाफेच्या इंजिनाचं नाव आहे. आमच्या आप्पांना टीव्हीसमोर बसवायला एवढं एकच वाक्य पुरलं. आप्पा म्हणजे माझे वडील, मीटरगेजच्या काळात लोंढ्याला फायरमन होते, म्हणजे वाफेच्या इंजिनात कोळसा टाकणारे, कॅसलरॉकचा घाट त्यांनी फावड्यावर चढलाय असं आमच्यात म्हणतात. एरवी सिनेमा लावला की पंधरा मिनिटात उठून अंगणात जातात, ह्या वेळी चहा गार झाला तरी हलले नाहीत.

गोष्ट अगदी साधी. १८६१ साल, अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण असं यादवी युद्ध पेटतंय. जॉर्जियातल्या मॅरिएटा गावात जॉनी ग्रे नावाचा इंजिन ड्रायव्हर आहे, त्याचा जीव दोघींवर, एक त्याचं इंजिन आणि दुसरी अॅनाबेल ली नावाची पोरगी. तो सैन्यात भरती व्हायला सगळ्यात पुढं जाऊन उभा राहतो पण त्याला घेत नाहीत, कारण ड्रायव्हर म्हणून तो दक्षिणेच्या जास्त कामाचा आहे, आणि हे कारण त्याला कुणी सांगतच नाही. पोरगीला वाटतं हा भित्रा, ती म्हणते युनिफॉर्म घातल्याशिवाय माझ्याशी बोलायचं नाही. वर्षभरानं उत्तरेचे हेर प्रवासी जेवायला उतरलेले बघून इंजिनच पळवून नेतात, आणि नेमकी अॅनाबेल मागच्या डब्यात असते. मग हा पठ्ठ्या मागं लागतो, आधी पायी, मग हातानं चालवायच्या ट्रॉलीवर, मग जुनाट लाकडी सायकलवर, मग दुसऱ्या इंजिनावर. अर्धा सिनेमा इकडून तिकडं पाठलाग आणि उरलेला अर्धा, इंजिन आणि अॅनाबेलला सोडवून, तिकडून इकडं पाठलाग, आणि गंमत म्हणजे जाताना शत्रूनं ह्याच्या वाटेत जे जे घातलं, रुळावर लाकडं, सोडून दिलेले डबे, तेच येताना हा त्यांच्या वाटेत घालतो. इंजिन पळवायचा हा प्रकार एप्रिल १८६२ मध्ये खरोखर घडलेला आहे, त्यात पकडलेल्या हेरांपैकी काहींना फाशी पण झाली, आणि वाचलेल्यांपैकी एकानं नंतर लिहिलेल्या आठवणींवरनं कीटनला हा सिनेमा सुचला.

आता मुद्द्याचं. मला ह्यात सगळ्यात जास्त काय आवडलं तर हसू कुठून येतंय ते. जॉनी बावळट नाही. त्याला त्याचं काम येतंय, चांगलंच येतंय, आणि तो सगळा वेळ फक्त कामच करत असतो. तोंड वेडंवाकडं करत नाही, आपल्याकडं बघून डोळा मारत नाही, लाकूड टाक, पाणी बघ, सांधा बदल, परत लाकूड टाक. हसू येतंय ते त्या कामात अचानक जे आडवं येतंय त्याच्यावर आणि ते हा कसं निस्तरतोय त्याच्यावर. हे मला आप्पा शेजारी नसते तर कदाचित अर्धंच कळलं असतं.

एक सीन सांगते. पाठलाग ऐन रंगात आलाय आणि ह्याच्या इंजिनाची चाकं जागेवरच गरगर फिरायला लागतात, गाडी काय पुढं सरकत नाही. मी नुसती बघत होते, आप्पा एकदम पुढं सरकून टीव्हीलाच म्हणाले, "चाक घसरूलंय रे, रेती सोड की, रेती!" आणि खरंच सांगते, दुसऱ्याच क्षणाला जॉनी खाली उतरतो आणि हातानं माती खरवडून रुळावर टाकायला लागतो. आप्पांनी मांडीवर थाप मारली. मग त्यांनी समजावलं की पावसाळ्यात घाटात रूळ ओले झाले की असंच व्हायचं, ओली पानं पडली की अजूनच, म्हणून इंजिनाला रेतीची पेटी असते, तिथनं नळीतनं रेती चाकाच्या पुढ्यात पडते आणि चाक पकड घेतं. आणि सिनेमात पुढं काय होतंय, हा खाली वाकून माती टाकतोय तोवर चाकांनी पकड घेतली पण, आणि इंजिन ह्याला सोडून निघालं! आमच्या घरात त्या वेळी जो काही आवाज झाला तो शेजारच्या काकू खिडकीतनं विचारायला आल्या काय झालं म्हणून. त्या गोकाकच्या, आपसात कन्नडच बोलतात, त्यांना पण बसवलं, पाच मिनिटात त्याही आमच्यासारख्याच हसायला लागल्या, काही सांगावं लागलं नाही.

दुसरा सीन, जो सगळीकडं फोटोत दिसतो. अॅनाबेल रागावून गेलीय, जॉनी उदास होऊन इंजिनाच्या दोन चाकांना जोडणारा जो लांब लोखंडी दांडा असतो त्याच्यावर बसतो. विचारात इतका बुडालाय की इंजिन चालू झालेलं त्याला कळतच नाही, दांडा वर जातो, खाली येतो, परत वर, आणि हा तसाच बसलेला, शेडच्या तोंडाशी गेल्यावर कुठं त्याच्या ध्यानात येतंय. तीसएक सेकंदाचा प्रकार. मी हसले, वैनी हसली, आप्पा हसले नाहीत. ते म्हणाले, "त्यो बसलाय त्याचं सोड, आत रेग्युलेटर कुणाच्या हातात होता ते विचार." रेग्युलेटर म्हणजे वाफ सोडायचं हँडल, आणि त्यांचं म्हणणं असं की उभं इंजिन हलवताना वाफ जराशी जास्त सुटली तर चाक जागच्या जागी भिरकन फिरतं, आणि मग त्या दांड्यावर बसलेल्या माणसाचं काय राहणार? नंतर मी वाचलं तर कीटननं स्वतः हेच सांगून ठेवलंय, चाक घसरलं असतं तर जीव गेला असता म्हणून. तिथं ट्रिक नाही, बाहुली नाही, तो स्वतःच बसलाय. हे कळल्यावर मी तो सीन परत लावला आणि तेव्हा मात्र मला हसू आणि काळजी दोन्ही एकदमच आलं.

तोफेचा सीन पण असाच. जॉनीच्या इंजिनाच्या मागं एक बुटकी तोफ जोडलेली असते. पहिल्यांदा चिमूटभर दारू घालतो तर गोळा टुणकन उडून ह्याच्याच केबिनमध्ये येऊन पडतो. दुसऱ्यांदा मग डबाच रिकामा करतो, वात पेटवतो, आणि परत फिरताना पाय जोडणीत अडकतो, आणि हादऱ्यानं तोफेचं तोंड हळूहळू खाली येत येत बरोबर ह्याच्याकडं वळतं. हा पळून इंजिनाच्या पुढच्या टोकाला जाऊन बसतो, आता उडणार म्हणून आपण श्वास धरून बसतो, आणि नेमकं तेवढ्यात रुळाला वळण येतं, इंजिन वळतं, गोळा सरळ जातो आणि पुढं पळणाऱ्या शत्रूच्या गाडीजवळ जाऊन फुटतो. भाचीनं रिमोट घेऊन तो तुकडा मागं नेऊन पुन्हा बघितला आणि कागदावर रेघा काढून बापाला समजावलं की बघा, ट्रेन अशी वळली म्हणून गोळा असा गेला. एक शब्द न बोलता एवढं सगळं नुसत्या कॅमेऱ्यानं सांगितलंय, आणि कॅमेरा पण कसा, लांब ठेवलेला, म्हणजे तोफ, माणूस, रूळ, पुढची गाडी सगळं एकाच चौकटीत दिसतंय, कुठं लपवाछपवी नाही.

इंजिनाच्या पुढं जी जाळी असते, काऊकॅचर, तिच्यावर बसून हातात एक लाकडी स्लीपर, म्हणजे रुळाखालचा ओंडका, धरून समोर रुळावर आडवा पडलेला दुसरा स्लीपर त्यानं ठोकून बाजूला उडवणं, हे पण चालत्या गाडीवर. आप्पा एवढंच म्हणाले की स्लीपर उचलायला गँगमनला सुद्धा जोडीला माणूस लागायचा.

आणि एक सीन आहे जो बघून आप्पा सगळ्यात जास्त खूश झाले, मला तो आधी एवढा खास वाटला नव्हता. जॉनी टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या लाकडं ठेवायच्या डब्यात, उभा राहून कुऱ्हाडीनं लाकडं फोडतोय, पाठ बाहेरच्या बाजूला. त्या काळी कोळशाऐवजी लाकडावर चालायची ही इंजिनं. त्याच्या मागं अख्खी दक्षिणेची सेना माघार घेत पळत चाललीय, मग उत्तरेची सेना येते, म्हणजे हा शत्रूच्या मुलखात शिरला पण, आणि ह्याला पत्ताच नाही, लाकूड फोडतोय. आप्पा म्हणाले, "हे खरं. फायरमनला बाहेर काय चाललंय ते कधी दिसूलंय? पुढ्यात आग आणि हातात फावडं, एवढंच." मग त्यांनी त्यांच्या नोकरीतल्या गोष्टी काढल्या, दूधसागरचा धबधबा लोक तिकीट काढून बघायला जातात आणि आम्ही शेजारनं गेलो तर आमचं लक्ष वाफेच्या काट्यावर, घाटात काटा खाली आला तर गाडी थांबली म्हणून समजा. मी ह्या गोष्टी लहानपणापासून थोड्या थोड्या ऐकलेल्या, पण एवढ्या सलग आणि एवढ्या उत्साहानं कधी नाही. सिनेमा पॉज करून ठेवला होता तोवर.

अॅनाबेलबद्दल वैनीचं आणि माझं मत वेगळं पडलं. मॅरियन मॅक नावाच्या नटीनं हे काम केलंय. इंजिन जीव तोडून पळतंय, मागं शत्रू, आणि ही बाई केबिनमध्ये झाडू मारायला लागते. मग जॉनी लाकूड टाक म्हणतो तर एका लाकडाला भोक आहे म्हणून ते फेकून देते, आणि मग एवढीशी काडी उचलून आगीत टाकते, जॉनी चिडून तिला त्याच्याहून बारीक काटकी देतो तर ती पण गंभीरपणे टाकते. तो तिची मान धरून हलवतो आणि लगेच मुका घेतो. वैनीला हे आवडलं नाही, ती म्हणाली तिला आजवर कुणी इंजिनावर चढू तरी दिलंय काय, तिला येणार कसं? मला वैनीचं बरोबरच वाटलं, पण मला ती पोरगी पण आवडली, कारण ती घाबरून किंचाळत बसत नाही, गोणपाटात घालून डब्यात टाकली तरी सहन करते, पाण्याच्या नळाखाली चिंब भिजते आणि परत उठून कामाला लागते. त्या काळच्या हिरॉइनच्या मानानं हिला बरंच काही करायला दिलंय असं माझं मत.

आता तो पूल. जळत्या लाकडी पुलावरनं शत्रूचं इंजिन न्यायचा हुकूम त्यांचा अधिकारी देतो, इंजिन मधोमध जातं, पूल मोडतो आणि अख्खं इंजिन खाली नदीत. मॉडेल नाही, छोटी खेळणी नाहीत, खरं इंजिन, खरा पूल. ऑरेगन राज्यातल्या कॉटेज ग्रोव्ह गावाजवळ रो नावाच्या नदीवर जुलै १९२६ मध्ये हे शूट केलं, बघायला हजारो लोक जमलेले, आणि एकाच टेकमध्ये करायचं होतं कारण दुसरं इंजिन आणि दुसरा पूल कुठनं आणणार. ह्या एका शॉटचा खर्च ४२,००० डॉलर सांगतात, मूकपटांच्या काळातला सगळ्यात महागडा शॉट म्हणून त्याचं नाव आहे. आणि ते इंजिन नंतर कितीतरी वर्षं तिथंच नदीत पडून होतं, दुसऱ्या महायुद्धात लोखंडाची गरज पडली तेव्हा भंगारात गेलं. कीटनला जॉर्जियात शूटिंग करायचं होतं पण तिथले रूळ तोवर बदललेले, ऑरेगनला लाकूडतोडीच्या कामासाठी जुनी इंजिनं आणि जुन्या धाटणीचे रूळ शिल्लक होते म्हणून सगळं लटांबर तिकडं नेलं. लढाईतले सैनिक म्हणजे ऑरेगन नॅशनल गार्डची पोरं, एकदा ह्या बाजूचा युनिफॉर्म घालून पळायची आणि मग त्या बाजूचा घालून.

पूल पडला तेव्हा भाची टाळ्या वाजवायला लागली. आप्पांना वाईट वाटलं. "चांगलं चालतं इंजिन होतं," म्हणाले. आपल्याकडं मीटरगेज जाऊन ब्रॉडगेज झालं, वाफेची इंजिनं बंद झाली, त्या वेळी किती इंजिनं कापून विकली ते त्यांनी बघितलंय, त्यामुळं मी त्यावर काही बोलले नाही.

एवढं करून सिनेमा पडला! हे वाचून मला खरंच राग आला. त्या वेळच्या समीक्षकांना कंटाळवाणा वाटला, युद्धात माणसं मरतात त्यात विनोद कसला करता असं काही जणांचं म्हणणं, पैसे काही वसूल झाले नाहीत, आणि त्यानंतर दोनेक वर्षांत कीटनला आपलं स्वतंत्र काम सोडून मोठ्या स्टुडिओकडं, एमजीएमकडं, पगारी माणूस म्हणून जावं लागलं, तिथं त्याच्या मनासारखं काही करू दिलं नाही. त्याला स्वतःला शेवटपर्यंत हाच सिनेमा आपल्या सगळ्या कामात जास्त अभिमानाचा वाटायचा. बरंच नंतर जगभरच्या समीक्षकांच्या सर्वोत्तम दहाच्या यादीत पण तो आला, आणि १९८९ मध्ये अमेरिकेनं जपून ठेवायच्या सिनेमांची सरकारी यादी सुरू केली त्यातल्या पहिल्याच पंचवीस नावांत हा होता. कीटन १९६६ मध्ये गेला, निदान लोक परत बघायला लागलेत एवढं त्याला बघायला मिळालं.

एक गोष्ट मात्र खटकते आणि ती लिहिणार. हिरो दक्षिणेच्या बाजूनं आहे. दक्षिण म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढणारी बाजू, आणि सिनेमात त्याबद्दल चकार शब्द नाही, गुलाम केलेली माणसं जवळजवळ दिसतच नाहीत. खऱ्या घटनेत इंजिन पळवणारे उत्तरेचे होते, आणि त्यांच्यातल्या काहींना अमेरिकेतलं ते सगळ्यात मोठं शौर्यपदक, मेडल ऑफ ऑनर, अगदी पहिल्यांदा मिळालं. कीटनचं म्हणणं होतं की प्रेक्षक दक्षिणेला खलनायक म्हणून घेणार नाहीत. असेल, पण मुलांना दाखवताना एवढं आधी सांगून टाका, आम्ही सांगितलं, भाचीनं विचारलं मग आपण हिरोच्या बाजूनं का, तर तिला म्हटलं तू इंजिनाच्या बाजूनं रहा.

अजून एक विचार डोक्यात येऊन गेला. तिकडं ऑरेगनमध्ये हे चाललेलं तेव्हा इकडं आपल्यापासून शंभरेक किलोमीटरवर कोल्हापुरात बाबूराव पेंटर मूकपटच काढत होते, कॅमेरा सुद्धा स्वतः खटपट करून बनवलेला. कीटनचा सिनेमा आज मी बेळगावात टिळकवाडीत बसून टीव्हीवर बघू शकते, आणि शेजारच्या कोल्हापुरात झालेलं ते सगळं काम बहुतेक नष्ट झालंय, प्रिंटच उरल्या नाहीत. ह्याचं मला फार वाईट वाटतंय.

आता कुठं बघायचा ते. सिनेमाचे हक्क कधीच संपलेत त्यामुळं यूट्यूबवर फुकट आहे, पण फुकट आहे म्हणून कुणीही कसलीही कॉपी टाकलीय. पहिली जी लावली ती एवढी धुरकट की माणूस कुठला आणि धूर कुठला कळेना, आणि संगीत म्हणजे कुठलातरी पियानो सिनेमाशी काही संबंध नसल्यासारखा वाजतोय. ती बंद करून रिस्टोअर केलेली शोधली, तिच्यात इंजिनावरचे रिव्हेट सुद्धा मोजता येतात. लांबी बघून घ्या, सव्वा तास किंवा थोडं जास्त असायला पाहिजे, त्याहून बरीच कमी असेल तर कापलेली आहे. संगीत पण बघा, ह्या सिनेमाला वेगवेगळ्या लोकांनी नंतर संगीत दिलंय, कार्ल डेव्हिसचं ऑर्केस्ट्राचं आहे, जपानच्या जो हिसाइशीचं पण आहे. मी कार्ल डेव्हिसचं ऐकलं, इंजिनाच्या ठेक्याबरोबर चालतं, टीव्हीचा आवाज जरा मोठा ठेवा. मधे मधे पाट्या येतात त्या इंग्लिशमध्ये आहेत पण थोड्याच आणि छोट्या, भाची मोठ्यानं वाचून आप्पांना मराठीत सांगत होती, अर्ध्या पाट्यांना तर आप्पाच म्हणाले कळलं, पुढं चल. लहान मुलांना पहिली दहा मिनिटं जरा सावकाश वाटतील, इंजिन चोरीला जाईपर्यंत धीर धरायला सांगा. मोबाईलवर बघू नका, तोफेच्या आणि लाकूडतोडीच्या सीनमध्ये मागं लांबवर जे चाललंय ते बारक्या स्क्रीनवर दिसतच नाही.